आपलं मानधन किती?

हिशेबापासूनच सुरुवात करते, कारण लेखकांच्या अनुभवकथनात नेमका तोच गाळलेला असतो. माझ्या पहिल्या पुस्तकाची छापील किंमत २५० रुपये. करारात रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीमागे २५ रुपये. आवृत्ती हजार प्रतींची. सगळी संपली तर पंचवीस हजार, आणि तेही एकदम नाहीत. वर्षाअखेरीस जेवढ्या प्रती खपल्या असतील तेवढ्यांचे. हे पुस्तक नोकरी सांभाळून लिहायला मला काही वर्षं लागली होती. कोथरूडमध्ये या पैशांत टू-बीएचकेचं एका महिन्याचं भाडं निघतं, घरमालक भला असेल तर.

तरीही आज मी लेखन आणि व्याख्यानं यांवर घर चालवते. म्हणजे घरातला माझा निम्मा वाटा उचलते. उरलेला नवऱ्याच्या पगारातून येतो. हे न सांगता 'आवडीचाच व्यवसाय केला' म्हणणाऱ्या मंडळींचा मला मनापासून राग येतो. मागे एक नियमित पगार आहे म्हणून मी नोकरी सोडू शकले, हे आधी लिहून ठेवलेलं बरं.

नोकरी होती पाणीपुरवठ्याच्या योजनांचे आराखडे करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत. ऑटोकॅडवर नळांच्या लाइनी ओढणं, लेव्हल टाकणं, पुन्हा खोडणं. त्या निमित्ताने पेठांचे जुने नकाशे हाताखालून गेले, हौद कुठे होते ते कळलं, आणि हळूहळू पुण्याच्या पाण्यावर एक वही भरत गेली. त्या वहीचं पुढे पुस्तक झालं.

प्रकाशक शोधायला पुणेकराला लांब जावं लागत नाही. अप्पा बळवंत चौकातून आत शिरलं की नारायण, शनिवार, सदाशिव पेठेत पाट्याच पाट्या. मी संहितेच्या झेरॉक्स घेऊन हिंडले. 'विषय छान आहे, पण वाचक कोण?' हे बहुतेकांनी विचारलं, आणि प्रश्न चुकीचा नव्हता. एका ठिकाणी मात्र फारच गोड बोलणं झालं. पुस्तक लगेच काढू, फक्त लेखिकेने पाचशे प्रती 'लेखक-सवलतीत' उचलायच्या. घरी येऊन कागदावर मांडलं. पाचशे प्रतींच्या त्या पैशांत त्यांचा डीटीपी, कागद, छपाई आणि बाइंडिंग सगळं वसूल होत होतं. मग उरलेल्या प्रती विकायची घाई त्यांना कशाला असेल? पुस्तक गोडाऊनला आणि मी दारोदार. नवीन लेखकांना मी हा कागद आजही काढून दाखवते. स्वतः पुस्तक काढायचं असेल तर उजळ माथ्याने स्वतः काढावं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, भारतात फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. त्याचे वेगळे पैसे लावणारा, पुस्तक काढून देणारा पॅकेजवाला भेटला की चहा संपवून उठावं.

शेवटी ज्यांनी घेतलं, त्यांनी होकार कळवायला आठ-नऊ महिने लावले. पण होकार दिल्यावर काम चोख केलं. करार मराठीत होता आणि दोनच पानांचा. त्यात मुदत लिहिलेली नव्हती. माझ्या चुलतभावाने, तो वकील आहे, १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ समोर ठेवलं: हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणजे मुदत न लिहिणं माझ्याच फायद्याचं. 'गप्प बस आणि सही कर,' तो म्हणाला. फक्त 'अन्य सर्व माध्यमांतील हक्क' अशी एक ओळ होती, तिच्यावर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून पाठवलं. ती ओळ त्यांनी कुरकुर न करता काढली. मराठी लेखक करार वाचत नाहीत, अशी तक्रार प्रकाशकही खासगीत करतात, हे मला तेव्हा कळलं.

प्रुफांचा काळ मात्र मी कुणाला इच्छिणार नाही. माझा मजकूर युनिकोडमध्ये, त्यांचं ले-आउटचं काम जुन्या फॉन्टात. रूपांतर करताना सगळे रफार एकेक घर पुढे सरकले. 'पूर्व' लिहिलेलं तिसऱ्याच रूपात उगवायचं. वर्षं आणि मोजमापं तपासायची तर एकेक आकडा मूळ टिपणाशी ताडून बघावा लागे. मुद्रितशोधन करणारे काका सत्तरीचे होते, लाल पेनाने काम करायचे, आणि समासात 'हे वाक्य दमवतं' असं लिहायचं त्यांना वावडं नव्हतं. व्याकरणाची दुरुस्ती कुणीही करतं. दमवणारं वाक्य दाखवणारा माणूस मिळणं हे नशीब.

पुस्तक आलं. एका सभागृहात छोटं प्रकाशन झालं, नातेवाईक आणि ऑफिसातली मंडळी आली, चिवडा-बर्फी झाली. मग सामसूम. दुकानदाराला चाळीस टक्क्यांच्या आसपास कमिशन द्यावं लागतं आणि तरी अनोळखी लेखकाचं पुस्तक तो दर्शनी मांडणार नाही. त्याचं काही चुकत नाही, दुकानाचा दर्शनी भाग म्हणजे त्याची रोजीरोटी.

फिरलं ते एका फोनमुळे. सहकारनगर भागातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाला १२ जुलैच्या आसपास वक्ता हवा होता. पानशेतचं धरण फुटलं तो दिवस, १२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. माझ्या पुस्तकात यावर एक प्रकरण आहे. पण त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तो पूर डोळ्यांनी पाहिला होता. त्यांना मी काय सांगणार? मी पंचवीसेक मिनिटं बोलले, धरण कसं आणि का फुटलं एवढंच सांगितलं, आणि माइक खाली दिला. पुढचा तासभर तेच बोलले. एका आजींनी नारायण पेठेतल्या वाड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठे होती ते हात उंच करून दाखवलं. हात कमी पडला म्हणून खुर्चीवर चढायला निघाल्या, तेव्हा सुनेने धरून बसवलं. एकांनी सांगितलं, पूर ओसरल्यावर शहरात नळ कोरडे आणि वाड्यातल्या विहिरीवर रांग. बाहेर पडताना टेबलावर ठेवलेल्या सगळ्या प्रती संपल्या होत्या. दुकानातून वर्षभरात गेल्या नसतील एवढ्या.

तिथून मी बोलण्याचं काम गंभीरपणे घ्यायचं ठरवलं, आणि शिकायला सुरुवात केली.

पुण्यात व्याख्यानं ऐकणं ही पिढीजात सवय आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही दर उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात भरते. दोन उन्हाळे मी तिथे नियमाने जाऊन बसले. विषय कोणताही असो, मी वही काढून वक्त्यांची कसब लिहायचे. पहिली तीन मिनिटं कशात घालवली, पाणी कधी प्यायलं, घड्याळाकडे किती वेळा पाहिलं, श्रोते कुठे चुळबुळले. पुण्यातला श्रोता निर्दय असतो असं म्हणतात. माझ्या मते तो निर्दय नाही, अनुभवी आहे. पुढच्या खुर्च्यांवर प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांना ऐकलेली माणसं बसलेली असतात. तुम्ही त्यांच्यासारखे बोलणार नाही हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. त्यांना एवढंच हवं असतं की आलात तर काही नवीन सांगा आणि वेळेत संपवा.

वेळेत संपवायला मी टोस्टमास्टर्समध्ये शिकले. भाषणाचा सराव करून घेणारी, १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली ही संस्था. पुण्यात तिचे क्लब भरपूर, बरेचसे आयटी कंपन्यांच्या आवारात. आमच्या क्लबात सगळं इंग्रजीत चालायचं. पाच ते सात मिनिटांचं भाषण, पाचव्या मिनिटाला हिरवी खूण, सहाव्याला पिवळी, सातव्याला लाल. एक जण नुसते तुमचे 'अ‍ॅ' आणि 'यू नो' मोजत बसतो. माझे मराठीतले 'म्हणजे' मोजायला मी घरी लेकीला बसवलं. तिने एका भाषणात इतके मोजले की हिशेब ठेवायला वहीची मागची पानं लागली. दोन महिन्यांत निम्म्यावर आले. ऐनवेळी मिळालेल्या विषयावर दोन मिनिटं बोलण्याचा त्यांचा खेळ तर प्रश्नोत्तरांसाठी फारच कामाला आला. पण तिथलं सगळं मी उचललं नाही. हात असे पसरायचे, इथे थांबायचं, इथे हसायचं, या साच्यातून निघालेले सगळे जण एकाच चालीवर बोलायला लागतात. ती चाल मराठी सभागृहात परकी वाटते. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन म्हणतात, 'पाठ करून आली होती.'

खरं काम होतं लिहिलेलं बोलतं करण्याचं. पुस्तकात माझं वाक्य असं आहे: 'पेशवेकाळात कात्रज येथील तलावातून वीट व चुन्याच्या बंदिस्त नळाद्वारे शनिवारवाडा व शहरातील हौदांना पाणीपुरवठा होत असे.' वाचताना यात वावगं काही नाही. मोठ्याने म्हणून पाहिलं की 'द्वारे'पाशी श्रोता उठून गेलेला असतो. आता मी म्हणते: 'कात्रजला तलाव. शनिवारवाडा तिथून आठ-दहा किलोमीटर. मध्ये पंप नाही, मोटर नाही. वीज तर नाहीच नाही. आणि वाड्याच्या हौदात पाणी पडतंय. कसं?' एवढं म्हणून थांबते. हमखास कुणीतरी खालून ओरडतं, 'उतार!' मग उतार किती हे सांगायला मी मोकळी. आकडे भाषणात दोन-तीनच टिकतात; बाकीचे पुस्तकात आहेत, तिथे बघा म्हणायचं. ते म्हटलं की पुस्तकही जातं.

माइकबद्दल दोन गोष्टी. माझी उंची पाच फूट. मराठी संस्थांमधली पोडियम पुरुषांच्या मापाची असतात. त्यामागे उभी राहिले की पहिल्या रांगेलासुद्धा माझं फक्त कपाळ दिसतं. म्हणून मी अर्धा तास आधी जाते, पोडियम बाजूला घ्यायला लावते, स्टँड खाली करून घेते आणि साउंडवाल्या दादांचं नाव विचारते. भाषणाच्या मध्यात माइक कुंईकुंई करायला लागला की 'अरे ते बघा कोणीतरी' आणि नावाने हाक मारणं यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्या विषयाकडे येते.

मराठीत व्याख्यान म्हणजे सरस्वतीची सेवा. सेवेचे पैसे कसे मागायचे? सुरुवातीची काही वर्षं कार्यक्रम संपल्यावर पाकीट हातात पडायचं आणि ते रिक्षात उघडायचं, हीच रीत होती. कधी ५०१, कधी ११०१, कधी नुसतंच आभाराचं पत्र आणि एखादं पुस्तक, जे माझंच असायचीही वेळ आली आहे. शाली आणि श्रीफळं मात्र न चुकता. नारळाच्या वड्या खाऊन खाऊन घरच्यांनी संप पुकारला. शाली सासूबाई एका पेटीत ठेवायच्या आणि पालखी पुण्यात मुक्कामाला आली की वारकरी बायकांना देऊन टाकायच्या. माझ्या कारकिर्दीचा खरा लाभार्थी कोण, तर तो वारकरी संप्रदाय.

एका ज्येष्ठ वक्त्यांनी मला वाट दाखवली. त्यांचं म्हणणं साधं: मानधन फोनवरच ठरवायचं, आकडा स्वतः सांगायचा, आणि सांगून झाल्यावर गप्प बसायचं. 'पण तुमचं जमेल तसं' हे शेपूट जोडायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आकड्यानंतरची ती चार सेकंद सहन होत नाहीत, जीभ वळवळते.

नंतर एका मंडळाचा फोन आला तो असा:

'ताई, यंदा मंडळाचं पन्नासावं वर्ष. पाण्यावर बोलायला तुम्हीच हव्यात.'

'येते की. तारीख सांगा. आणि मानधनाचं काय ठरलंय?'

'मानधन... म्हणजे तसं मंडळ लहान आहे आपलं. पण यथोचित सत्कार करू.'

'मांडववाल्याचं ठरलंय?'

'हो, त्याला अ‍ॅडव्हान्ससुद्धा दिला.'

'आणि साउंडवाल्याचं?'

'त्याचंही झालं.'

'मग त्याच कागदावर खाली माझंही लिहा.'

गृहस्थ मोठ्याने हसले. आकडा माझ्या अपेक्षेपेक्षा कमी ठरला, पण आधी ठरला. त्या मंडळाशी आजही संबंध चांगले आहेत. पैसे विचारल्याने माणसं दुरावतात, हा आपल्या मनाचा खेळ. दुरावतात ती ज्यांना फुकटच हवं असतं, आणि तशांनी दुरावणं सोयीचं.

आता माझे तीन दर आहेत. कंपन्या आणि बँका एका दरात, कारण त्यांच्याकडे प्रशिक्षणाचं बजेट असतं आणि बाहेरून येणाऱ्या इंग्रजी वक्त्याला ते बिनतक्रार मोजतात. मराठीत बोलणार म्हटल्यावर आकडा निम्मा का व्हावा, हे मी त्यांना विचारते आणि त्यांच्याकडे उत्तर नसतं. व्याख्यानमाला आणि महाविद्यालयं दुसऱ्या दरात, प्रवासखर्च वेगळा. तिसरा दर शून्य. मराठी शाळा आणि गावोगावची वाचनालयं यांच्याकडे मी फुकट जाते, पण फुकट कुठे जायचं ते मी ठरवते. फोन झाला की त्याच संध्याकाळी मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप: तारीख, वेळ, बोलण्याची मिनिटं, मानधन, पुस्तकांसाठी एक टेबल आणि एक स्वयंसेवक. कंपनीकडून पैसे दहा टक्के टीडीएस कापून येतात, तो विवरणपत्रात दाखवून हिशेबात धरायचा. रॉयल्टीवर लेखकाला प्राप्तिकरात तीन लाखांपर्यंत वजावट आहे. ती ऐकून मला हसूच आलं, माझी रॉयल्टी त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. शिवाय ती जुन्या करपद्धतीतच मिळते.

पुस्तकांचं टेबल हा स्वतंत्र धंदा आहे. प्रकाशकांकडून लेखक म्हणून मला सवलतीत प्रती मिळतात. अडीचशेचं पुस्तक मी सभागृहात दोनशेला देते. क्यूआर कोडचं कार्ड उभं करून ठेवते, पण सुट्टे पैसेही लागतात, कारण ज्येष्ठ मंडळी पाचशेची नोट काढतात. सही आधी विचारून करायची. काहींना पुस्तक भेट द्यायचं असतं आणि त्यावर माझं 'सस्नेह' नको असतं. बाहेरगावच्या मागणीचं मात्र अवघड होऊन बसलं. पोस्टाची छापील पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि साताऱ्याच्या एका वाचनालयाला दोन पुस्तकं पाठवायचा खर्च ऐकून मी पार्सल परत घरी आणलं. शेवटी त्या बाजूला जाणाऱ्या एका वक्त्यांच्या गाडीत ती गेली. मराठी साहित्याचा बराचसा वितरणव्यवहार अजून अशाच गाड्यांवर चालतो.

हंगाम सांभाळावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजं, आणि २०२३ पासून फर्ग्युसनच्या मैदानावर भरणारा पुस्तक महोत्सव. एप्रिल-मेमध्ये व्याख्यानमाला. गणपतीत मंडळं. जून जवळजवळ रिकामा, म्हणून लेखन तेव्हा. मात्र बोलणं वाढलं की लेखन मागे पडतं, यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. तेच भाषण वारंवार केलं की तोंडाला सवय लागते, आणि लिहायला बसलं की तीच टाळ्यांची वाक्यं आधी हजर होतात. ती खोडायची आणि मग पुढे जायचं. लोक विषयही वाटेल ते सुचवतात. 'ताई, पाण्याचं झालं, आता अध्यात्मावर बोला', 'तणावमुक्त जीवनावर बोला.' दोन्हींना चांगले पैसे आहेत. मी नाही म्हणते, आणि नाही म्हणताना दर वेळी थोडं पोटात दुखतं.

दुसरं पुस्तक या व्याख्यानांतूनच जन्मलं. कार्यक्रमानंतर लोक पिशवीतून जुने फोटो काढून दाखवतात, कुणी हौदाची जागा सांगतं, कुणी घरातल्या बुजवलेल्या विहिरीबद्दल. मी टेबलाशी एक वही ठेवली, नाव आणि फोन लिहून घेतले, आणि नंतर घरी जाऊन एकेकाकडून सविस्तर ऐकलं. ६१च्या पुराची ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे, त्यामुळे यात चालढकल परवडणारी नव्हती. संहिता प्रकाशकांकडे दिली आहे. या खेपेला रॉयल्टी साडेबारा टक्के मागितली, ऑडिओबुकचे हक्क स्वतःकडे ठेवले, आणि सभागृहात विकण्यासाठीच्या प्रतींवरची सवलत करारातच लिहून घेतली. ऑडिओबुकवर थोडी ओढाताण झाली. 'तुम्ही स्वतः वाचणार का?' त्यांनी विचारलं. वाचणार, म्हटलं. रेकॉर्डिंग स्टुडिओचे तासाचे दर मी आधीच विचारून ठेवले होते. सह्या गेल्या आठवड्यात झाल्या; प्रुफं गणपतीनंतर येतील, आणि लाल पेनवाल्या काकांना मी आत्ताच फोन करून वेळ मागून ठेवला आहे. त्यांनी आधी त्यांचे पैसे सांगितले आणि मग गप्प बसले.